गच्चीवरचा दुष्काळ

१२ जून, रविवार. काचीगुडा.

गोदे, हे तुला कुणी वाचून दाखवायला लागेल तेव्हा तू आधी विचारशील, "ही बाई कोण?" म्हणून सांगून ठेवते, मी तुझी थोरली बहीण. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारीला एवढं सांगावंच लागतं.

वही बियाण्यांच्या कंपनीची. नव्या सालाला माझ्या सुधाकरला फुकट मिळालेली, निम्मं साल कोरी पडून होती. म्हटलं, मला द्या. सगळे हसले. अक्षर न येणारी वही घेऊन काय करणार? मी म्हटलं, मी बोलीन, नलू लिहील. सून पुण्याची आहे, अक्षर चांगलं आहे, आणि दुपारी ती झोपते ते मला बघवत नाही. (लिहिलं. — न.) नातीला सांगितलं असतं, पण मीनलला मराठी वाचतानाच ठेचा लागतात.

फोनवर बोलणं होत नाही. बूथमधला तो लाल आकडा पळायला लागला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. काल तेच झालं. तू म्हणालीस, पुढच्या सालापासून पाटाच्या पाळ्या निम्म्या करणार. विहीर होळीलाच तळ दाखवते. प्रकाश पुण्याहून म्हणतो, आई, शेत बटईनं लावून टाक आणि इकडं ये. दिवाळीला येऊन पक्कं करणार. मी "हं" म्हटलं. हं म्हणायचे पैसे भरले आणि घरी आले.

आप्पांचं शेत. आपण दोघीच त्यांना. तू गेलीस तर तिथं माझं म्हणायला कोण?

तू सुधाला एकच विचारलंस : निम्म्या पाण्यावर कपाशीची कुठली पऱ्हाटी उभी राहते ते सांग, तसली असेल तर मी इथून हलत नाही. तो म्हणाला, "मावशी, करून बघतो."


१९ जून, रविवार

गच्चीवर रंगाचे रिकामे डबे मांडले, बुडाला भोकं पाडून. काळी माती शहराबाहेरून आणवली. मी चिमूट जिभेला लावली. आपली नाही, पण सोयऱ्यातली आहे.

मी सु.ला विचारलं (नलू हात दुखतो म्हणून नावं तोडून लिहिते), कंपनीचं एवढं मोठं शेत आहे, तिथं का नाही लावत? म्हणे, तिथं कंपनीचंच बी. गावराणीला फाटकातून आत घेत नाहीत. सरकारी फार्मवर होता तेव्हा गावराणी होती, पगार नव्हता. आता पगार आहे.

सगळं खुलं झालंय म्हणतात. मला इतकंच कळलं की कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाचे दहा प्रकार आले आणि नळाला पाणी एकाच प्रकारचं, न येणारं.

बी तीन जातीचं. सरकी शेणकाल्यात चोळून सुटी केली. नलू नाकाला पदर लावून जिन्यात उभी. तिला म्हटलं, तुमच्या पुण्यात कापूस झाडाला येतो की दुकानात? ती म्हणाली, "गादीत." बरी आहे, उत्तर देते.


३ जुलै, रविवार

तिघांना नावं ठेवली. सु. इंग्रजी आकडे सांगतो, ते माझ्या तोंडात बसत नाहीत.

कंपनीचं हायब्रीड तो जावई. पाणी-खत वेळेवर मिळालं तर घर भरून टाकील, जरा हयगय झाली की तोंड फिरवून बसेल. (तुझ्या नवऱ्यासारखा नव्हे. तो बिचारा घरजावई, राबूनच गेला.)

सरकारी फार्मचं ते कारकून. लवकर येतो, थोडं काम करतो, पाणी संपायच्या आत दप्तर बांधून घरी.

गावराणी ती म्हातारी. तिची ओळख करून देत नाही.

प्रत्येकाचे चार डबे. दोन पोटभर, दोन अर्धपोटी. सु.नं मापाचा मग आणलाय. अर्धपोटींना निम्मा मग, एक दिवसाआड. जावयाचे अर्धपोटी दोन डबे जिन्याजवळ, कारकुनाचे मधे, म्हातारीचे पार टाकीला टेकून. चिठ्ठ्या इंग्रजीत लावल्या. मी म्हटलं, घरात इंग्रजी येणारा तू एकटाच का? मीनल म्हणाली, मला येतं. बाकीच्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही.


१७ जुलै, रविवार

आज हसून हसून पोट दुखलं. पावसाळ्यात दुष्काळ पाडायचा म्हणजे काय खायचं काम आहे? सु.नं चार बांबू उभे केले, वर प्लॅस्टिक ताणलं, दोऱ्या बांधल्या. खाली गल्लीत बोनालूच्या जत्रेचे ढोल, वरून धो धो पाऊस, आणि माझा लेक छत्री घेऊन झाडांवर पाऊस पडू नये म्हणून पळतोय.

शेजारच्या गच्चीवरून खैरुनबी बघत होती. "अम्मा, झाडां को भी छत्री? तुमारे बेटे की तबियत तो ठीक है ना?"

मी म्हटलं, "ठीक है. गोदा के वास्ते करताय."

"गोदा कौन?"

आता तिला काय सांगू. म्हटलं, मेरी बहन है, उधर है. ती म्हणाली, मेरी भी एक बहन है, उधर. कराचीत. मग आम्ही दोघी जणी पाऊस बघत बसलो.


२७ जुलै, बुधवार

पात्या (म्हणजे कळ्या. — न.) धरल्या. तिन्ही जातींनी.

सकाळी सगळे गेले की मी गच्चीवर बसते. पान चुरगळून वास घेते. डोळे मिटले की तूच दिसतेस, कापसानं ओटी भरून भरून पोटुशी बाईसारखी चालतेस आणि आप्पा लांबून ओरडतात, गोदे, काडीकचरा काढून वेच! तू काढायची नाहीस. माझ्या ढिगात तुझा कचरा मिसळायचीस, आणि बोलणी मला.

इथं वेचायला काय आहे. बारा झाडं. त्यांच्यासाठी तीन जिने चढते. डॉक्टर म्हणतो गुडघ्यांना त्रास देऊ नका. गुडघेच मला देतात, मी कुठं.


५ ऑगस्ट, शुक्रवार

अर्धपोटी जावयानं पात्या टाकल्या. डब्याभोवती नुसता सडा. पोटभर जावई शेजारी हिरवागार, कमरेला हात लावून उभा.

सु. म्हणाला, ताण पडला की झाड आधी लेकरं टाकतं, मग पानं, स्वतः शेवटी. नलूनं पात्या झाडून नेल्या.

कारकून बारीकसा, पण चार फुलं लावून बसलाय. म्हातारी मळकट दिसते, पानं आखडलेली. वाढतही नाही, मरतही नाही. मला तिच्याकडून जास्त आशा होती. होती म्हणजे, आहे.


१५ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी. खाली शाळेतली गाणी. दुसरा श्रावण सोमवार, नलूचा उपास, साबुदाणा फार छान. (हे तिनं स्वतःहून लिहिलं. मी "बरा" म्हटलं होतं.)


२१ ऑगस्ट, रविवार

चमत्कारच म्हणायचा. अर्धपोटी जावई सावरला! नव्या पात्या, फुलं, आणि दोन बोंडं, सुपारीएवढी. कारकुनाच्या पुढं गेला. म्हातारी आहे तशीच, एक फूल लावलंय, तेही खाली मान घालून.

सु. तिथंच नाचायचा बाकी होता. "आई, सावरलं! पहिला झटका खाल्ला आणि उठलं बघ!" लगेच मला घेऊन बूथवर. तो तुला सांगत होता, मावशी, हायब्रीडच लाव, निम्म्या पाण्यावर निघतंय. आणि तुझा आवाज बाहेरपर्यंत आला, "मग मी प्रकाशला आत्ताच सांगते, मी येत नाही म्हणून!"

मला फोन दिला तेव्हा मी विचारलं, बरी आहेस ना. तू म्हणालीस, "आक्का, आता तूच ये इकडं. वेचणीला ये."

घरी येताना मी रिक्षात गप्प. सु.नं विचारलं, गावराणी हरली म्हणून रुसलीस का? रुसले होते थोडी. पण खरं म्हणजे मी मनात पिशवी भरत होते. दोन लुगडी, शाल, गुडघ्याचं तेल.


२७ ऑगस्ट, शनिवार

सु. कंपनीच्या कामानं बाहेरगावी, बुधवारी येणार.

सकाळी जावयाच्या डब्याशी बसले. बोंडाला बोट लावलं, बोंड गार. मग माती बघितली. मातीत मूग उगवलेले. चांगले चारपाच मोड, हिरवे, टोपी डोक्यावर घेऊन. बाजूला तिळाची नाजूक रोपं. दुसऱ्या डब्यातही तेच.

निम्मा मग पाणी, तेही एक दिवसाआड, आणि त्यात मूग उगवतात?

नलूला हाक मारली. आली. मी नुसतं बोट दाखवलं. ती वाकून जवळ गेली. मग म्हणाली, "शिवामूठ."

पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्याला मूग. श्रावण लागल्यापासून रोज महादेवाला तांब्याभर पाण्याचा अभिषेक. ते पाणी आणि दाणे पायदळी जायला नकोत म्हणून झाडाच्या बुडाशी. तुळशीला फार झालं तर ती कुजते म्हणून जिन्याजवळ जे दोन डबे दिसले त्यांना.

"कुठल्या डब्याला पाणी द्यायचं नाही ते मला कुणी सांगितलं होतं का?" तिनं विचारलं. तिचंही खरं. चिठ्ठ्या इंग्रजीत, आणि लावणाऱ्यानं स्वतःच्याच घरात कुणाला वाचून दाखवल्या नाहीत.

मी म्हटलं, "नलू, तुझ्या महादेवानं जावयाला तीन आठवडे मेजवानी घातली."

ती हसली आणि मग रडायलाच लागली. लिहितानाही थांबलीय आता. असू दे. उद्यापासून अभिषेकाचं पाणी खाली पारिजातकाला घाल म्हटलं.


२८ ऑगस्ट, रविवार

आज काही लिहायचं नाही.


२९ ऑगस्ट, सोमवार

कालचं लिहिते. काल नलू हळूच म्हणाली, "आई, नाही सांगितलं तर?" मी काही तिला रागावले नाही. तेच माझ्या मनात दोन दिवस घोळतंय.

नाही सांगितलं तर तू राहतेस. प्रकाशला नाही म्हणून बसलीस. वेचणीला ये म्हणालीस. दाराशी बंडी थांबेल, तू पुढं येशील, चष्मा डोक्यावर.

सांगितलं तर पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोन म्हाताऱ्यांतली एक. दुसरी इथं तीन जिने वर गच्चीवर. आप्पांना कळलं असतं तर म्हणाले असते, दोघींना चांगलं उंचावर दिलं.

पण मग पुढचा श्रावण येईल. पाटाला पाणी नाही, आणि जावई सगळ्या रानभर पात्या टाकील, त्या दिवशी डब्याभोवती टाकल्या तशा. रानभर. आणि तिथं तांब्या घेऊन यायला नलू नाही.

मला तू तिथं हवीस गोदे. पण रिकाम्या पऱ्हाटीत उभी राहिलेली नकोस.


३१ ऑगस्ट, बुधवार

सु. आला. चहा होऊ दिला, मग सांगितलं. नलूनं स्वतः सांगितलं, मला बोलू दिलं नाही. त्यानं मुगाचा एक मोड उपटून तळहातावर घेतला. मला वाटलं ओरडणार.

"चूक माझी आहे," म्हणाला. "मी मावशीला फार लवकर सांगितलं. मलाच ऐकायचं होतं ते."

मग नलूला म्हणाला, "आता उपास आहे का तुझा? नाही ना, मग जेवायला वाढ." इतकंच. माझा लेक चांगला आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणत नाही. तू पण सांगू नको.


४ सप्टेंबर, रविवार

तांब्या बंद झाल्यापासून जावई रोज काहीतरी टाकतोय. आज छोटी बोंडंही गेली. मोठी दोन राहिली, तीही तडकतील की वाळतील, सांगता येत नाही. लाडावलेल्याचे जास्त हाल होतात, सु. म्हणतो. आधीपासून अर्धपोटी असता तर मुळं तरी शहाणी झाली असती.

बूथवर गेलो. सु. म्हणाला मी सांगतो. मी म्हटलं, बहीण माझी आहे.

"गोदे, ते जावयाचं खोटं निघालं."

"कुठला जावई?"

"हायब्रीड गं! त्याला नलूचा महादेव पाणी पाजत होता."

सगळं सांगितलं. लाल आकडा पळतोय, पळतोय. मी पहिल्यांदाच त्याच्याकडं पाठ फिरवली.

मग तू हसलीस. "आक्का, मग माझ्या रानात पण एक महादेव बसवून दे की."

"तिथं नलू कुठून आणू?"

"मी प्रकाशला नाही म्हणून बसले."

"माहीत आहे."

"मग?"

शेवटी तूच म्हणालीस, "बघू," आणि फोन ठेवलास. तुझं बघू मला लहानपणापासून कळत नाही.


१८ सप्टेंबर, रविवार

प्रत्येक जातीचा एकेक अर्धपोटी डबा फोडला. सु.नं पत्रा कापायची कात्री आणली, माती धुऊन मुळं बाजूबाजूला ठेवली. कारकुनाची आटोपशीर, जावयाची वरवर पसरलेली, सगळी ओलीच्या आशेनं तांब्याच्या जागी गोळा झालेली. म्हातारीचा डबा कापला आणि दोघंही वाकून बघायला लागलो. मुळी सरळ खाली गेलेली, पत्र्याला टेकलेली, आणि मग बुडाशी वेटोळं, वेटोळ्यावर वेटोळं. सोडवलं तर सु.च्या कमरेपर्यंत आलं.

"रानात ही ओल शोधत खाली खाली जाते," तो म्हणाला. "डब्यात हिला जागाच नव्हती."

"मग ही हरली का नाही?"

"हिची परीक्षाच झाली नाही, आई."

मी म्हटलं, सांगून टाक ना मग गोदेला, गावराणीच लाव. त्यानं मान हलवली. "ती जगेल गं. पण मावशीला जगवेल का? धागा आखूड, भाव कमी. कारकून थोडं देईल पण देईल, वेळेत आटपेल. हायब्रीडला पाळ्या चुकलेल्या चालत नाहीत. आणि मावशीच्या रानात ओल किती खोल आहे तेच मला माहीत नाही. तिथं खड्डा खणून बघायला पाहिजे."

"सरळ उत्तर काय?"

"सरळ उत्तर नाही."

एवढं शिकून हे. पण यावेळी मला बरं वाटलं, खोटं का सांगू. बूथवर नाचत गेला होता त्यापेक्षा.

मुळी मी टाकू दिली नाही. नलूनं धुऊन दोरीवर वाळत घातलीय, कपड्यांच्या मधे. खैरुनबी विचारत होती, ये क्या दवा है जी? मी म्हटलं, हौ.


२ ऑक्टोबर, रविवार

कारकुनाचं पहिलं बोंड फुटलं. कापूस पांढरा, थोडासा. मी वेचला. ओटी बांधली नव्हती, पदरातच घेतला. नलूनं त्याच्या वाती केल्या. माझ्या बोटांना अजून ते बोंडाच्या टोकाचं बोचणं ठाऊक आहे. एकदा बोचलं, मग दिवसभर हात बघत बसले.

तुझ्याकडं आता पहिली वेच असेल. पऱ्हाटीला दहीभात दाखवलास का? एकटीनंच दाखवलास?


१५ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. सु. सोमवारच्या गाडीनं तुझ्याकडं निघालाय, कुदळ-फावडं तिथं मिळेल ना विचारत होता. म्हटलं, शेतकऱ्याच्या घरी चाललास की हॉटेलात? रानात चार ठिकाणी खड्डे खणणार, ओल बघणार. तिन्ही जातींचं बी बरोबर देतोय, पुढच्या सालासाठी, थोडं थोडं. काय लाव ते सांगणार नाही म्हणतो. लाव की नको लाव, तेही नाही. प्रकाश दिवाळीला येईल तेव्हा तुम्ही मायलेक त्या खड्ड्यात उतरून बघा आणि बोला. खड्ड्यात उभं राहिलं की माणसं खरं बोलतात, निदान लांब पळता येत नाही.

मला यायचं होतं. पिशवी भरलेलीच आहे, दोन महिने झाले. गाडीची पायरी चढवत नाही म्हणून डॉक्टरनं नाही म्हटलं. सु. म्हणतो, दिवाळीनंतर नेतो. नेशील रे, पण तिथं दार उघडायला कोण असेल ते ठरू दे आधी.

ही वही त्याच्याच हाती देतेय. शाळेतल्या मास्तरकडून वाचून घे. महादेवाचं आलं की त्याला हळू वाचायला सांग, नलूची इज्जत आहे. (आभारी आहे. — न.)

परतताना सु.च्या हाती काचऱ्या पाठव. पऱ्हाटीच्या ओळीत वाळकाच्या काकड्या लावतेस, त्यांच्याच चकत्यांच्या. बाजारातल्या पाठवल्यास तर मला कळतं, त्या नुसत्या मिठाच्या असतात. उन्हात नीट कडक वाळव, फडक्यात बांध, प्लॅस्टिकमध्ये घालू नकोस, घाम धरतात. मीठ कमी, माझं बी.पी. तिखट लावू नकोस, नलू खात नाही, आणि आता तिच्यासाठी पण लागतील. वाळकाच्या बिया मात्र इकडं पाठवू नकोस. त्या तिथंच ठेव, पुढच्या पेऱ्याला.